पोलिओ : रोगाचे आकलन, प्रतिबंध आणि निर्मूलनानंतरची जबाबदारी

प्रस्तावना :

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात एका लहान बालिकेच्या पायातील शक्ती गेली. तपासणीअंती तिला पोलिओ झाल्याचे सिद्ध झाले. नैसर्गिक पोलिओ विषाणूमुळे पक्षाघात झालेली ती भारतातील शेवटची ज्ञात रुग्ण होय. त्यानंतर तीन वर्षे एकही नवा रुग्ण आढळला नाही आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह संपूर्ण आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात या घटनेचे स्थान निश्चितच मोठे आहे.

तथापि या यशाचा एक परिणाम विचारात घ्यावा लागतो. आज महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने आपल्या वर्गात पोलिओने पाय लुळा पडलेला सहाध्यायी सहसा पाहिलेला नसतो. त्याच्या दृष्टीने पोलिओ म्हणजे लहानपणी करंगळीवर लावलेली शाईची खूण. साहजिकच तो आणि त्याचे पालक दोन प्रश्न विचारतात. रोगच उरला नाही तर थेंब कशासाठी पाजायचे? आणि लसीमुळेच पोलिओ होतो असे ऐकू येते, ते खरे आहे काय? हे प्रश्न अज्ञानातून आलेले आहेत असे मानून झिडकारणे योग्य नाही. दुसऱ्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘अत्यंत क्वचित, परंतु होय’ असेच आहे. हे उत्तर पूर्णपणे समजावून सांगितले नाही, तर अर्धवट माहितीच लोकांपर्यंत पोहोचते आणि तिचे परिणाम लसीकरणावर होतात.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

१. पोलिओचा विषाणू आणि रोगाची प्रक्रिया यांचे स्वरूप समजून घेणे.
२. पोलिओच्या दोन प्रकारच्या लसींचे गुणदोष स्पष्ट करणे.
३. भारतातील निर्मूलनाच्या अनुभवाचा आढावा घेणे.
४. निर्मूलनानंतर शिल्लक राहिलेला धोका व त्यावरील प्रतिबंध यांची चर्चा करणे.

रोगाचे स्वरूप :

पोलिओचा विषाणू हा आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंच्या गटातील आहे. त्याची जनुकीय सामग्री आरएनए स्वरूपाची असून तिच्यात सुमारे साडेसात हजार घटक असतात. विषाणूचे तीन प्रकार आहेत. एका प्रकाराविरुद्ध निर्माण झालेली प्रतिकारशक्ती दुसऱ्या प्रकारापासून पुरेसे संरक्षण देत नाही. त्यामुळे पोलिओपासून संरक्षण म्हणजे वस्तुतः तीन वेगवेगळ्या विषाणूंपासून संरक्षण होय. मनुष्य हाच या विषाणूचा एकमेव नैसर्गिक आश्रयदाता आहे. प्राण्यांमध्ये त्याचा कायमचा साठा नसतो. देवीप्रमाणेच पोलिओचेही समूळ निर्मूलन शक्य आहे असे शास्त्रज्ञांना वाटले, त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

संसर्ग मुख्यतः मलमार्गे होतो. बाधित व्यक्तीच्या विष्ठेतून बाहेर पडलेला विषाणू अस्वच्छ हात, दूषित पाणी अथवा अन्न यांच्याद्वारे दुसऱ्याच्या तोंडात जातो. घसा आणि आतडे येथे त्याची वाढ होते. काही वेळा तो रक्तात प्रवेश करतो आणि त्यापैकी थोड्या रुग्णांमध्ये चेतासंस्थेपर्यंत पोहोचतो. तेथे मज्जारज्जूच्या पुढील भागातील प्रेरक चेतापेशींवर तो हल्ला करतो. या पेशी स्नायूंना हालचालीचे आदेश देत असतात. त्या नष्ट झाल्या की संबंधित स्नायू शिथिल पडतात आणि पुढे झिजतात. स्पर्शाची संवेदना मात्र शाबूत राहते. पोलिओग्रस्त बालकाला पायाला केलेला स्पर्श कळतो, परंतु पाय हलवता येत नाही.

येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. संसर्ग झालेल्या बहुसंख्य मुलांमध्ये कोणतीही लक्षणे दिसत नाहीत. सुमारे एक चतुर्थांश मुलांना ताप, घसादुखी, उलटी, अंगदुखी असा किरकोळ त्रास होतो आणि तो काही दिवसांत जातो. कायमचा पक्षाघात साधारणतः दोनशे बाधितांमागे एकाला होतो. दुसऱ्या व तिसऱ्या प्रकाराच्या विषाणूंच्या बाबतीत हे प्रमाण याहूनही कमी आहे. पक्षाघात झालेल्यांपैकी ५ ते १० टक्के रुग्ण श्वसनाचे स्नायू निकामी झाल्यामुळे दगावतात. जे वाचतात त्यांच्यापैकी काहींना १५ ते ४० वर्षांनंतर पुन्हा स्नायूंची दुर्बलता, वेदना आणि थकवा जाणवू लागतो. यास पोलिओत्तर लक्षणसमूह असे म्हणतात. भारतात नवे रुग्ण होत नसले तरी अशा त्रासाला सामोरे जाणारे हजारो प्रौढ आपल्या समाजात आहेत, याचा विसर पडता कामा नये.

पोलिओवर विषाणू नष्ट करणारे कोणतेही औषध आजही उपलब्ध नाही. विश्रांती, गरज पडल्यास श्वसनास साहाय्य, भौतिकोपचार, कॅलिपर आणि अस्थिशल्यक्रिया यांद्वारे अपंगत्वाची तीव्रता कमी करता येते. परंतु मृत चेतापेशी परत येत नाहीत. म्हणून पोलिओच्या संदर्भात प्रतिबंध हाच उपचार ठरतो.

अदृश्य संसर्गाचा अर्थ :

एका पक्षाघाताच्या रुग्णामागे सुमारे दोनशे बाधित मुले असतात, ती हिंडतीफिरती असतात आणि कित्येक आठवडे विष्ठेतून विषाणू बाहेर टाकत असतात, या वस्तुस्थितीचे परिणाम दूरगामी आहेत. देवीचा रुग्ण पुरळावरून ओळखता येत असे. रुग्ण शोधणे, त्याला वेगळे ठेवणे आणि त्याच्या सभोवतालच्या लोकांना लस देणे या मार्गाने देवीचा नायनाट झाला. पोलिओच्या बाबतीत हा मार्ग चालत नाही. पहिला लुळा पडलेला पाय दिसेपर्यंत विषाणू गावोगावी पोहोचलेला असतो. त्यामुळे ‘आमच्या गावात पोलिओचा रुग्ण नाही’ या विधानातून ‘आमच्या गावात विषाणू नाही’ असा निष्कर्ष काढता येत नाही.

इतिहासातही या अदृश्यतेने वैद्यकाला दीर्घकाळ चकवले. कोपनहेगन येथील संग्रहालयात असलेल्या प्राचीन इजिप्तच्या एका शिलाफलकावर एक पाय सुकलेला, काठीचा आधार घेतलेला पुरुष कोरलेला आहे. तो पोलिओचाच पुरावा असावा असे अनेक अभ्यासक मानतात. म्हणजे रोग जुना आहे. परंतु त्याच्या मोठ्या साथी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आणि त्याही युरोप-अमेरिकेतील सुधारलेल्या शहरांत येऊ लागल्या. याचे कारण वरकरणी विपरीत वाटेल असे आहे. जेथे अस्वच्छता असते तेथे बालकाला विषाणूचा संसर्ग अगदी लवकर, आईकडून मिळालेली प्रतिपिंडे रक्तात असतानाच होतो आणि बहुतेक वेळा पक्षाघाताविना प्रतिकारशक्ती निर्माण होते. स्वच्छता वाढली की संसर्ग पुढे ढकलला जातो. मूल मोठे होईपर्यंत आईचे संरक्षण संपलेले असते आणि मग संसर्ग झाल्यास पक्षाघाताचा धोका वाढतो. अमेरिकेत १९५२ साली सुमारे ५८ हजार रुग्णांची नोंद झाली, ती या पार्श्वभूमीवर.

यावरून अस्वच्छ देशांत पोलिओ नव्हता असा समज पूर्वी रूढ झाला. तो चुकीचा होता. भारतात साथी ठळकपणे दिसत नव्हत्या, कारण रोग बारमाही होता. लंगडणाऱ्या मुलांची प्रत्यक्ष मोजणी करणारी सर्वेक्षणे झाली तेव्हा पक्षाघाताचे खरे प्रमाण समोर आले. स्वच्छता आवश्यक आहेच. परंतु केवळ तिच्या बळावर पोलिओ हटत नाही, हा या इतिहासाचा बोध आहे.

दोन लसी :

कार्ल लँडस्टायनर आणि एर्विन पॉपर यांनी १९०८ साली व्हिएन्ना येथे हा रोग विषाणुजन्य असल्याचे दाखवले. १९४९ मध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी चेतापेशींखेरीज अन्य ऊतींमध्ये हा विषाणू प्रयोगशाळेत वाढवता येतो हे सिद्ध केले. या संशोधनासाठी त्यांना १९५४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. लसनिर्मितीचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला आणि त्यातून दोन भिन्न तत्त्वांवर आधारलेल्या लसी पुढे आल्या.

पहिली लस जोनास साल्क यांची. तिच्यात रासायनिक प्रक्रियेने मारलेला विषाणू असतो आणि ती टोचून दिली जाते. १९५४ च्या भव्य क्षेत्रीय चाचणीनंतर १२ एप्रिल १९५५ रोजी ती परिणामकारक असल्याचे जाहीर झाले. दुसरी लस आल्बर्ट सेबिन यांची. तिच्यात जिवंत परंतु दुर्बल केलेला विषाणू असतो आणि ती तोंडाने थेंबांच्या रूपात दिली जाते. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी ती सर्वत्र वापरात आली.

या दोहोंतील फरक नीट समजून घेतला, तर पुढील सर्व धोरणांचा अर्थ उलगडतो. टोचून दिलेल्या लसीमुळे रक्तात प्रतिपिंडे तयार होतात. ती विषाणूला चेतासंस्थेपर्यंत पोहोचू देत नाहीत. म्हणजे लस घेतलेल्या मुलाला पक्षाघात होत नाही. परंतु त्याच्या आतड्यातील प्रतिकार तुलनेने कमी असल्याने विषाणू तेथे वाढू शकतो व इतरांकडे जाऊ शकतो. थेंबांची लस आतड्यातच वाढते आणि तेथील अस्तरात प्रतिकार निर्माण करते. त्यामुळे ती संक्रमणाची साखळी तोडते. ती स्वस्त आहे, द्यावयास सोपी आहे आणि तिच्यासाठी सुईची अथवा प्रशिक्षित परिचारिकेची आवश्यकता नसते. शिवाय दुर्बल विषाणू शेजारच्या मुलांपर्यंत पोहोचून त्यांनाही काही प्रमाणात संरक्षण देतो.

इस्रायलमधील अनुभव या संदर्भात बोधप्रद आहे. तेथे २०१३ साली सांडपाण्यात पहिल्या प्रकाराचा नैसर्गिक विषाणू आढळला. टोचण्याच्या लसीचे प्रमाण उत्तम असल्याने एकाही मुलाला पक्षाघात झाला नाही. परंतु विषाणू फिरत राहिला. अखेर तेथील शासनाला थेंबांची मोहीम हाती घ्यावी लागली.

भारतातील निर्मूलनाचा अनुभव :

भारतात थेंबांची लस १९७९ पासून राष्ट्रीय लसीकरणात समाविष्ट झाली. तथापि युरोप-अमेरिकेत तीन मात्रांनी जे साधले ते येथे साधेना. पूर्ण लसीकरण झालेल्या मुलांनाही पोलिओ होत असल्याचे आढळू लागले. वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील विषाणुतज्ज्ञ डॉ. टी. जेकब जॉन यांनी १९७० च्या दशकातच थेंबांच्या लसीची परिणामकारकता आपल्याकडे कमी पडते हे दाखवून दिले होते. अतिसार, कुपोषण आणि आतड्यात आधीपासून असणारे इतर विषाणू यांमुळे लसीतील विषाणूला आतड्यात रुजता येत नाही. त्यातच तीनही प्रकारांच्या एकत्रित लसीत दुसरा प्रकार उरलेल्या दोहोंवर मात करतो.

ही उणीव किती मोठी होती याची कल्पना एका अभ्यासावरून येते. ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर प्रदेशातील आकडेवारीनुसार, पहिल्या प्रकाराविरुद्ध त्रिसंयोजी लसीच्या एका मात्रेची परिणामकारकता सुमारे ११ टक्के, तर केवळ पहिल्या प्रकाराच्या एकसंयोजी लसीची सुमारे ३० टक्के होती. साधे गणित केले तरी अर्थ स्पष्ट होतो. ११ टक्के परिणामकारकतेच्या पाच मात्रा दिल्यास सुमारे ४४ टक्के मुले सुरक्षित होतात. ३० टक्के परिणामकारकतेच्या पाच मात्रांनी सुमारे ८३ टक्के. ‘पुन्हा पुन्हा थेंब कशाला?’ या पालकांच्या प्रश्नाचे उत्तर या गणितात आहे. प्रत्येक फेरीत आणखी काही मुले सुरक्षित होत होती. आणि कोणती, हे बाहेरून ओळखता येत नव्हते.

यावर उपाय म्हणून एकाच दिवशी सर्व मुलांना लस देण्याची पद्धत अवलंबण्यात आली. सर्वांना एकाच वेळी लस मिळाल्याने नैसर्गिक विषाणूला वाढण्यासाठी मोकळे आतडे मिळेनासे होते, हे ‘पल्स’ पोलिओचे तत्त्व होय. क्युबाने १९६२ पासून अशा वार्षिक मोहिमा राबवल्या होत्या. १९८८ साली जागतिक आरोग्य परिषदेने पोलिओ निर्मूलनाचा ठराव केला, तेव्हा जगात दरवर्षी साडेतीन लाख मुले पोलिओने पंगू होत असल्याचा अंदाज होता. दिल्लीत २ ऑक्टोबर १९९४ रोजी पल्स पोलिओ मोहीम झाली आणि ९ डिसेंबर १९९५ रोजी देशव्यापी मोहिमेचा प्रारंभ झाला. पुढे एका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना लस दिली जाऊ लागली. सुमारे २४ लाख लसपाजक त्यासाठी राबत असत.

तरीही वाट सरळ नव्हती. २००२ साली देशात १,६०० रुग्ण आढळले. २००५ मध्ये ही संख्या ६६ पर्यंत खाली आली आणि आता रोग संपला असे वाटत असतानाच २००६ मध्ये ती ६७६ झाली. २००९ साली ७४१ रुग्णांची नोंद झाली. जगातील जवळजवळ निम्मे रुग्ण त्या वर्षी भारतात होते. २०१० साली ताजिकिस्तानात साडेचारशेहून अधिक मुलांना पक्षाघात झाला. वास्तविक तो देश ज्या युरोपीय विभागात मोडतो तो २००२ मध्येच पोलिओमुक्त ठरला होता. तेथील विषाणूचे जनुकीय मूळ उत्तर प्रदेशातील विषाणूशी जुळले. एका प्रदेशातील उणीव दूरच्या देशातील मुलांना कशी भोवते याचे हे उदाहरण आहे.

अखेरच्या टप्प्यात तीन गोष्टी निर्णायक ठरल्या. पहिली, लसीतील सुधारणा : २००५ पासून एकसंयोजी आणि जानेवारी २०१० पासून द्विसंयोजी लस वापरण्यात आली. दुसरी, अचूक लक्ष्यनिश्चिती : उत्तर प्रदेशातील ६६ व बिहारमधील ४१ अशा १०७ अतिजोखमीच्या विकासगटांत लसीबरोबरच स्वच्छता, शुद्ध पाणी आणि अतिसारावरील उपचार यांवर भर देण्यात आला. रेल्वेस्थानके, बसस्थानके, वीटभट्ट्या, बांधकामांची ठिकाणे, स्थलांतरितांच्या वस्त्या यांची स्वतंत्र यादी करण्यात आली. महाराष्ट्रात ऊसतोड कामगारांचे तळ आणि भटक्या समाजाच्या पालांपर्यंत पथके गेली ती याच विचाराने. तिसरी गोष्ट म्हणजे विश्वासाची उभारणी. थेंबांमुळे मुलांना नपुंसकत्व येते अशी अफवा उत्तर प्रदेशातील काही मुस्लिम वस्त्यांत पसरली होती. ती केवळ शासकीय पत्रकांनी दूर झाली नाही. मौलवी, स्थानिक डॉक्टर, त्याच वस्तीतील महिला कार्यकर्त्या यांनी घरोघरी जाऊन संवाद साधला. अलिगढ मुस्लिम विद्यापीठ आणि जामिया मिलिया इस्लामिया या संस्थांनी या कामी घेतलेला सहभाग उच्च शिक्षणक्षेत्राने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे.

लसजन्य विषाणूचा प्रश्न :

थेंबांच्या लसीचे सामर्थ्य आणि तिचा दोष यांचे मूळ एकच आहे : तिच्यातील विषाणू जिवंत असतो. या दोषाची दोन रूपे आहेत. पहिल्या रूपात लस घेतलेल्या मुलालाच अथवा त्याच्या निकटच्या व्यक्तीला पक्षाघात होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हे प्रमाण पहिल्या मात्रेच्या सुमारे २७ लाख मुलांमागे एक इतके अल्प आहे. दुसरे रूप अधिक गंभीर आहे. ज्या समाजात लसीकरण अपुरे असते तेथे दुर्बल विषाणू एका असुरक्षित मुलाकडून दुसऱ्याकडे असा महिनोन् महिने फिरत राहतो. त्याच्या जनुकीय रचनेत बदल होत जातात आणि तो पुन्हा पक्षाघात घडवण्याची क्षमता मिळवतो. म्हणजे येथेही मूळ कारण लसीचा अतिरेक नसून लसीकरणातील पोकळी हे आहे. जेथे बहुतेक मुले सुरक्षित असतात तेथे या विषाणूला इतका प्रवास करण्यास वाटच मिळत नाही.

दुसऱ्या प्रकाराचा नैसर्गिक विषाणू १९९९ साली अलिगढ येथे शेवटचा आढळला आणि २०१५ मध्ये त्याचे जागतिक उच्चाटन प्रमाणित झाले. आता लसीतील दुसरा प्रकार केवळ धोकाच उरला, या विचाराने एप्रिल २०१६ मध्ये जगभर तो लसीतून वगळण्यात आला. भारतात हा बदल २५ एप्रिल २०१६ रोजी झाला. तर्क योग्य होता. परंतु अनेक देशांत तत्पूर्वी मुलांची प्रतिकारशक्ती पुरेशी वाढवलेली नव्हती आणि टोचण्याच्या लसीचा पुरवठाही अपुरा पडला. परिणामी दुसऱ्या प्रकाराच्या लसजन्य विषाणूच्या साथी, विशेषतः आफ्रिकेत, वाढत गेल्या. २०२० साली अशा रुग्णांची संख्या एक हजारांहून अधिक झाली. हा विषाणू श्रीमंत देशांतही पोहोचला. २०२२ मध्ये लंडनच्या सांडपाण्यात तो सापडला आणि न्यूयॉर्क राज्यात लस न घेतलेल्या एका तरुणाला पक्षाघात झाला. युद्धाने आरोग्यव्यवस्था कोलमडलेल्या गाझामध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या बालकाला त्याने पंगू केले. तेथील तो पंचवीस वर्षांतील पहिला रुग्ण होता.

भारतही या प्रश्नापासून अलिप्त नाही. २०१६ साली हैदराबादच्या सांडपाण्यात दुसऱ्या प्रकाराचा लसजन्य विषाणू आढळताच सुमारे तीन लाख मुलांना टोचण्याच्या लसीची अंशमात्रा देण्यात आली. २०१८ मध्ये एका उत्पादकाच्या थेंबांच्या काही साठ्यांत वगळलेला दुसरा प्रकार मिसळल्याचे उघड झाले. हे साठे ज्या राज्यांत वापरले गेले त्यांत महाराष्ट्राचाही समावेश होता. ऑगस्ट २०२४ मध्ये मेघालयातील पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यात सुमारे दोन वर्षांच्या एका बालकाच्या पक्षाघाताचे कारण लसजन्य पोलिओ विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. नैसर्गिक विषाणू नसल्याने देशाचे पोलिओमुक्त प्रमाणपत्र अबाधित राहिले. परंतु त्या मुलाच्या दृष्टीने या तांत्रिक भेदाला काही अर्थ नाही.

या समस्येवर नवा उपाय म्हणून जनुकीयदृष्ट्या अधिक स्थिर अशी दुसऱ्या प्रकाराची नवी थेंबांची लस तयार करण्यात आली असून मार्च २०२१ पासून साथींच्या ठिकाणी तिचा वापर सुरू झाला. तिच्यात विषाणूने पुन्हा उग्र रूप धारण करण्याची शक्यता बरीच कमी आहे, शून्य नाही.

शिल्लक धोका :

नैसर्गिक विषाणूंपैकी तिसऱ्या प्रकाराचे उच्चाटन २०१९ साली प्रमाणित झाले. पहिला प्रकार मात्र पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात अद्याप टिकून आहे. २०२१ साली जगभरात त्याचे केवळ ६ रुग्ण आढळले होते. २०२४ मध्ये पाकिस्तानात ७४ आणि अफगाणिस्तानात २५, म्हणजे एकूण ९९ रुग्णांची नोंद झाली. पाकिस्तानात २०११ साली एका गुप्तहेर मोहिमेसाठी बनावट लसीकरणाचा वापर झाल्याचे उघड झाले, तेव्हापासून लसीकरणाविषयीचा अविश्वास अधिकच वाढला आणि लसपाजकांवर प्राणघातक हल्ले होत राहिले. या विषाणूने अंतराची मर्यादा मानलेली नाही. पाकिस्तानातील विषाणूशी नाते असणारा विषाणू २०२२ मध्ये आफ्रिकेतील मलावी आणि मोझांबिक येथे सापडला. भारत तर या देशांचा शेजारी आहे.

प्रतिबंधाची आजची व्यवस्था :

(अ) नियमित लसीकरण : राष्ट्रीय वेळापत्रकानुसार थेंबांची लस जन्मतः, त्यानंतर ६, १० व १४ आठवड्यांनी आणि १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान वर्धक मात्रा म्हणून दिली जाते. नोव्हेंबर २०१५ पासून टोचण्याची लसही भारतात सुरू झाली. पूर्ण मात्रेचा पाचवा भाग, म्हणजे ०.१ मिलिलिटर लस दंडावर त्वचेत टोचण्याची अंशमात्रेची पद्धत भारताने स्वीकारली. प्रारंभी ६ व १४ आठवड्यांनी अशा दोन मात्रा होत्या. जानेवारी २०२३ पासून नऊ महिने पूर्ण झाल्यावर तिसरी मात्रा जोडण्यात आली. अशा रीतीने थेंब आतड्यातील साखळी रोखतात आणि टोचणी चेतासंस्थेचे रक्षण करते. सौम्य सर्दी किंवा अतिसार असला तरी थेंब टाळण्याचे कारण नाही.

(आ) शीतसाखळी : थेंबांची लस उष्णतेने लवकर निकामी होते. म्हणून उत्पादनापासून अंगणवाडीपर्यंत ती थंड राखावी लागते. कुपीवर वर्तुळात एक फिकट चौकोन असतो. उष्णता लागत जाते तसा तो गडद होत जातो. चौकोनाचा रंग वर्तुळाइतका गडद झाला की ती लस वापरत नाहीत. अक्षरओळख नसलेल्या पालकालाही ही खूण स्वतः पाहता येते.

(इ) लुळेपणाच्या रुग्णांचे सर्वेक्षण : पंधरा वर्षांखालील मुलाच्या कोणत्याही अवयवात अचानक शिथिल स्वरूपाचा लुळेपणा आल्यास, कारण काहीही वाटले तरी, त्याची नोंद करून चौदा दिवसांच्या आत चोवीस तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवले जातात. एक लाख मुलांमागे वर्षाला किमान एक, आणि भारताच्या निकषानुसार दोन, पोलिओ नसलेले असे रुग्ण नोंदले गेले पाहिजेत. एखाद्या जिल्ह्यातून असा एकही रुग्ण कळवला गेला नाही, तर ती समाधानाची बाब नसून व्यवस्था झोपी गेल्याचे लक्षण समजावे.

(ई) सांडपाण्याची तपासणी : ज्या विषाणूमुळे दोनशेंपैकी एकच मूल आजारी दिसते त्याचा माग सांडपाण्यात घेणे अधिक शहाणपणाचे असते. भारतात हे काम २००१ साली मुंबईत सुरू झाले. परळ येथील विषाणू प्रयोगशाळेचा त्यात प्रमुख वाटा राहिला. देशातील सांडपाण्यात नैसर्गिक विषाणू शेवटचा आढळला तोही नोव्हेंबर २०१० मध्ये मुंबईतच.

महाविद्यालयांचे कार्य :

राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक पल्स पोलिओ केंद्रांवर अनेक वर्षे काम करीत आले आहेत. आता गरज केवळ मनुष्यबळाची नाही. जीवशास्त्राच्या वर्गात प्रतिकारशक्तीचा पाठ शिकवताना दोन लसींतील भेद, सांख्यिकीच्या वर्गात मात्रांचे वर दिलेले गणित, समाजशास्त्राच्या वर्गात अफवा आणि विश्वास यांचा अभ्यास अशा रीतीने हा विषय अभ्यासक्रमाशी जोडता येतो. दत्तक गावात शिबिर असेल तेव्हा ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवरील किंवा नुकत्याच स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांतील कोणत्या बालकाच्या मात्रा राहून गेल्या आहेत याची यादी आशा कार्यकर्ती आणि अंगणवाडी सेविका यांच्या मदतीने करता येते. विद्यार्थ्याने लसीविषयी शंका विचारली असता तिला दटावून गप्प करण्याऐवजी, लसीचा दोष मान्य करून त्याचे प्रमाण आणि कारण समजावून सांगणे हे अध्यापकाचे काम आहे. दडवलेली माहिती पुढे अफवेच्या रूपात परत येते.

निष्कर्ष :

१. पोलिओचा संसर्ग बहुतांशी अदृश्य असतो. म्हणून रुग्ण नसणे हे सुरक्षिततेचे पुरेसे प्रमाण नव्हे. लस मिळालेल्या मुलांचे प्रमाण आणि सर्वेक्षणाची दक्षता हीच खरी मोजपट्टी होय.

२. थेंबांची आणि टोचण्याची अशा दोन्ही लसी परस्परपूरक आहेत. जोवर नैसर्गिक विषाणू जगात आहे, तोवर भारतासारख्या देशाला दोहोंची गरज आहे. तो नष्ट झाल्यानंतर थेंबांची लस थांबवावीच लागेल. परंतु तत्पूर्वी टोचण्याची लस प्रत्येक बालकापर्यंत पोहोचलेली असली पाहिजे, हा २०१६ नंतरच्या अनुभवाचा धडा आहे.

३. लसजन्य पोलिओ हे लसीकरण थांबवण्याचे कारण नसून ते पूर्ण करण्याचे कारण आहे.

४. २००५ मधील ६६ रुग्ण एका वर्षात दहापटीने वाढले होते, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. हावड्यातील त्या बालिकेनंतर भारतात नैसर्गिक विषाणूने एकही मूल पंगू झालेले नाही. ती शेवटचीच ठरावी, हे ज्या बालकांचे लसीकरण आज राहून गेले आहे त्यांच्यापर्यंत आपण पोहोचतो की नाही यावर अवलंबून आहे.